जुना ॲक्सेस डेटाबेस नव्या आवृत्तीत नेताय? या चुका टाळा

मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅमची जुनी एमडीबी फाइल नव्या ॲक्सेसमध्ये उघडते, फॉर्म दिसतात, एरर येत नाही, आणि काम झालं असं जाहीर होतं. पंचाईत त्यानंतर सुरू होते. उघडतच नाही त्या फाइलमागे सगळे हात धुऊन लागतात. निमूटपणे उघडून चुकीची बेरीज दाखवणाऱ्या फाइलकडे मात्र महिनोन्महिने कुणाचं लक्ष जात नाही. इथल्या बहुतेक चुका या दुसऱ्या जातीच्या आहेत.

रूपांतर आणि नवी रचना एका दमात

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. फाइल उघडलीच आहे तर टेबलं नीट करू, फील्डची नावं बदलू, फॉर्मही नवे करू, असा मोह होतो. मग महिनाअखेरचा रिपोर्ट जुळत नाही आणि दोष रूपांतराचा की नव्या रचनेचा, हे कुणालाच सांगता येत नाही. आधी जसंच्या तसं हलवा, अगदी वेडंवाकडं असलं तरी. जुनी आणि नवी फाइल एकच आकडा दाखवू लागली की मग रचनेला हात घाला.

नव्या रचनेत आणखी एक गोष्ट हमखास हरवते. जुन्या ॲप्लिकेशनचे नियम टेबलात नसतात, फॉर्मच्या 'बिफोर अपडेट' इव्हेंटमध्ये (नोंद साठवण्याआधी चालणाऱ्या कोडमध्ये) किंवा रिपोर्टच्या एखाद्या अदृश्य टेक्स्टबॉक्समध्ये दडलेले असतात. फॉर्म नव्याने बनवला की तो नियम गेला, आणि तो होता हेसुद्धा कुणाला आठवत नाही. म्हणून जुना फॉर्म टाकण्याआधी त्याच्या मागचा कोड ओळ न् ओळ वाचा. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला आडवाट नाही.

फाइल कोणत्या पिढीची आहे हे न पाहणं

सगळ्या एमडीबी सारख्या नसतात. ॲक्सेस 97 ची फाइल ॲक्सेस 2013 आणि पुढच्या आवृत्त्या उघडतच नाहीत. ती आधी 2007 किंवा 2010 असलेल्या मशीनवर रूपांतरित करावी लागते. 2000 ते 2003 मधल्या एमडीबी मात्र आजही उघडतात. हातात एमडीई असेल तर थांबा. तिच्यातून व्हीबीएचा (ॲक्सेसच्या प्रोग्रॅमिंग भाषेचा) मूळ कोड काढून टाकलेला असतो, त्यामुळे ज्या एमडीबीपासून ती बनवली ती शोधण्याला पर्याय नाही.

2007 मध्ये आलेल्या एसीसीडीबी फॉरमॅटने जुनी यूजर-लेव्हल सिक्युरिटी, म्हणजे प्रत्येक वापरकर्त्याचं वेगळं लॉगिन आणि अधिकार, सोडून दिली. रूपांतरानंतर कुणाला काय दिसावं याची बंधनं गळून पडतात, हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्याचा दुसरा परिणाम जास्त छुपा आहे. 'नोंद कुणी केली' हे फील्ड 'करंटयूजर' फंक्शनने (ते ॲक्सेसचं लॉगिन नाव देतं) भरणारा कोड तसाच चालतो, एरर देत नाही, आणि प्रत्येक नोंदीपुढे इमानदारीने 'ॲडमिन' लिहीत राहतो. लक्षात येईपर्यंत मधल्या काळातली खरी नावं कायमची गेलेली असतात. असा कोड आधीच शोधा आणि विंडोजचं लॉगिन नाव घेण्याची सोय करा.

एरर दाखवते त्याच ओळीला धरून बसणं

'लेफ्ट' किंवा 'डेट' यांसारख्या साध्या फंक्शनवर प्रोजेक्ट किंवा लायब्ररी सापडत नाही असा एरर आला, तर ती ओळ सहसा निर्दोष असते. व्हीबीए एडिटरमध्ये टूल्सखाली रेफरन्सेस उघडा. यादीत कुठेतरी 'मिसिंग' लिहिलेलं दिसेल, बहुधा नव्या मशीनवर नसलेलं एखादं ओसीएक्स (फॉर्मवर वापरलेलं बाहेरचं कंट्रोल). एक तुटका रेफरन्स भलत्याच ठिकाणी एरर काढतो. ॲक्सेस 2010 मधून काढून टाकलेलं कॅलेंडर कंट्रोल हे यातलं नेहमीचं नाव.

तिथेच दुसरी गोष्ट तपासा. डीएओ आणि एडीओ या डेटा हाताळणाऱ्या दोन लायब्ररी, दोन्हींत रेकॉर्डसेट नावाची वस्तू आहे. कोडमध्ये नुसतं 'रेकॉर्डसेट' लिहिलेलं असेल तर यादीत वर असलेली लायब्ररी जिंकते आणि 'टाइप मिसमॅच' येतो. प्रत्येक ठिकाणी पुढे डीएओ किंवा एडीओडीबी स्पष्ट लिहा.

ऑफिस 64 बिटचं असेल तर विंडोज एपीआयच्या (विंडोजची स्वतःची फंक्शनं बोलावणाऱ्या) 'डिक्लेअर' ओळी 'पीटीआरसेफ' लावल्याशिवाय कंपाइल होत नाहीत. इथे घाईत सरसकट सगळे 'लाँग' बदलून 'लाँगपीटीआर' करतात. तसं करू नका. हँडल आणि पॉइंटर तेवढेच बदलायचे, बाकीचे 'लाँग' चार बाइटचेच राहिले पाहिजेत. एपीआयचा आणि 32 बिटच्या ओसीएक्सचा फार पसारा असेल, तर 32 बिटचं ऑफिस ठेवणं हा कमीपणा नाही.

एसक्यूएल सर्व्हरला ॲक्सेस समजणं

टेबलं एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हर-डेटाबेसवर नेणारे बरेचदा मायग्रेशन असिस्टंट या टेबलं हलवणाऱ्या साधनाचा हिरवा अहवाल पाहून निश्चिंत होतात. डेटा तिकडे पोचलेला असतो, पण वागणूक बदललेली असते.

ॲक्सेसमध्ये 'हो' म्हणजे -1, सर्व्हरच्या बिट फील्डमध्ये 1. लिंक केलेल्या टेबलात फरक जाणवत नाही, कारण ॲक्सेस तो झाकतो. पण तीच क्वेरी पास-थ्रू केली (थेट सर्व्हरकडे पाठवली) किंवा तिचा व्ह्यू (सर्व्हरवर साठवलेली क्वेरी) बनवला आणि अट '= -1' तशीच राहिली, की शून्य नोंदी येतात, एररशिवाय. अट 'शून्य नाही' अशी लिहिली तर दोन्हीकडे चालते. बिट फील्ड रिकामं राहिलं तर आणखी त्रास होतो: नोंद साठवताना 'दुसऱ्या वापरकर्त्याने बदल केला आहे' असा संदेश येतो, जरी दुसरा वापरकर्ता अस्तित्वातच नसला तरी. जुन्या रिकाम्या जागी 0 भरा, डीफॉल्ट 0 ठेवा आणि टेबलात रोव्हर्जन स्तंभ (नोंद बदलली की सर्व्हर आपोआप बदलतो असा) घाला.

तारखांचं दुखणं वेगळं. ॲक्सेस इसवी सन 100 पासूनच्या तारखा घेतो, सर्व्हरचा 'डेटटाइम' 1753 पासून सुरू होतो. 2018 ऐवजी कुणी 218 टाइप केलं असेल तर ती नोंद तिथे अडकणार. नेण्याआधी प्रत्येक तारीख फील्डची सर्वांत लहान किंमत काढा, बहुतेक जुन्या डेटात एखादा रोमन काळातला व्यवहार सापडतोच. युनिक इंडेक्सचंही पाहा: ॲक्सेस त्यात कितीही नल (रिकाम्या किमती) चालवून घेतो, सर्व्हर एकच. फिल्टर केलेल्या इंडेक्सने (नल वगळून बनवलेल्या) ते सुटतं.

ऑटोनंबर ॲक्सेसमध्ये टाइप करायला सुरुवात होताच मिळतो, सर्व्हरवर नोंद साठवल्यानंतर. त्या क्रमांकावर आधी काही करणारा कोड असेल तर आधी नोंद साठवा, मग क्रमांक वाचा. 3622 क्रमांकाचा एरर आला तर 'ओपनरेकॉर्डसेट'ला 'डीबी-सी-चेंजेस' (dbSeeChanges) हा पर्याय द्या.

फॉक्सप्रोमधून पुसलेल्या नोंदी परत येणं

फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅमच्या डीबीएफ फाइलमध्ये नोंद पुसली की ती जात नाही. तिच्या पहिल्या बाइटमध्ये तारांकन पडतं, आणि 'पॅक' (पुसलेल्या नोंदी खरोखर काढणारी आज्ञा) करेपर्यंत ती तिथेच असते. ही खूण न पाहणाऱ्या साधनाने डेटा उचलला तर वर्षानुवर्षं पुसलेले ग्राहक आणि बिलं जिवंत होतात. प्रतीवर 'पॅक' करून मगच न्या. मेमो फील्डचा लांब मजकूर ठेवणारी एफपीटी फाइल सोबत नसेल तर तो मजकूर येणार नाही. तारीख रिकामी असेल तर ती 30 डिसेंबर 1899 होऊन आली नाही ना, एवढं बघा.

नोंदी मोजून थांबणं

दोन्हीकडे नोंदींची संख्या सारखी आली म्हणजे तपासणी झाली असं नाही. प्रत्येक टेबलात रकमेच्या स्तंभाची बेरीज, नल किती, सर्वांत जुनी आणि नवी तारीख, आणि सर्वांत लांब मजकुराची अक्षरसंख्या, एवढं दोन्ही बाजूंनी काढा. मग बंद झालेल्या एखाद्या महिन्याचे रिपोर्ट दोन्हीकडून छापून शेजारी ठेवा. चालू महिना घेऊ नका, तो हातात असतानाच बदलत राहतो. यादीतले सगळे रिपोर्ट तपासण्यात वेळ घालवण्याआधी वापरणाऱ्यांना विचारा की खरोखर कोणते लागतात. उत्तर बहुधा यादीपेक्षा बरंच लहान निघतं, आणि त्यात असा एखादा रिपोर्ट असतो जो यादीत नाहीच, कारण तो कुणीतरी क्वेरी चालवून एक्सेलमध्ये बनवतो.

मूळ फाइल फक्त वाचता येईल अशी करून, ती उघडणाऱ्या जुन्या आवृत्तीसह, निदान पहिला वार्षिक हिशेब नव्यातून निघेपर्यंत सांभाळा.