माहेरी आल्यावर अर्ज कोठे करावा?

सासरच्या छळामुळे जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला माहेरी आलेल्या स्त्रीने संरक्षणाच्या अर्जासाठी पुन्हा जालना गाठण्याची गरज नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानुसार ती तात्पुरती राहते तेथील न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही अर्ज करता येतो. घटस्फोटाचा वा मुलांच्या ताब्याचा दावा कौटुंबिक न्यायालयात आधीच चालू असेल, तर संरक्षण, निवास व भरपाईचे आदेश याच कायद्याच्या कलम २६ खाली तेथेच मागावेत, म्हणजे दोन ठिकाणचे हेलपाटे वाचतात. मात्र दुसरीकडे आदेश मिळाला असल्यास तो न्यायालयाला सांगणे बंधनकारक आहे. या कायद्याखाली सरकारने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे घटना नोंदवताना ‘नेहमी मारतो’ एवढ्यावर थांबू नये; ‘पोळ्याच्या रात्री, स्वयंपाकघरात, उलथन्याने’ असा तपशील द्यावा, कारण उलटतपासणीत तोच टिकतो. वकिलाच्या फीची धास्ती नको: जिल्हा विधी सेवा प्राधिकरण स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील देते.