ऐरोलीला फ्लेमिंगो बघायला जाताय? आधी तिथी बघा

ऐरोलीला कधी जाऊ, असं कुणी विचारलं की मी आधी कालनिर्णय उघडायला सांगते. रविवार नंतर, तिथी आधी. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. सप्तमी असेल तर सव्वापाच. म्हणजे पहाटे सव्वापाचच्या सुमारास पाणी भरतं आणि सव्वाअकराच्या आसपास पूर्ण ओहोटी. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. ठाणे खाडीत आत पाणी थोडं उशिरा पोचतं, तेवढं धरून चाला.

हे एवढं का? पूर्ण ओहोटीला होडीला पाणी पुरत नाही. पूर्ण भरतीला चिखल बुडतो आणि पक्षी उठून नेरूळच्या डीपीएस तलावासारख्या उथळ पाण्यात जातात. आपल्याला हवी मधली वेळ, चिखल नुकता उघडा पडू लागलेला. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्राच्या बोटीही भरती-ओहोटी पाहूनच सुटतात, म्हणून वेळ रोज बदलते. बुकिंग आधी करा.

पक्षी साधारण नोव्हेंबर ते मे असतात. मी फेब्रुवारी-मार्च सुचवेन. ठाण्याहून पनवेल किंवा वाशी लोकल, ऐरोलीला उतरून रिक्षा. टोपी, पाणी, दुर्बीण.

दुर्बिणीतून चोच बघा. गुलाबी आणि टोकाला काळी असेल तर मोठा रोहित, म्हणजे मोठा फ्लेमिंगो. गडद, काळपट लाल असेल तर छोटा. चोच उलटी करून पाणी गाळत तो शेवाळ खातो, आणि गुलाबी रंग त्या खाण्यातूनच येतो.

बोटीची वाट बघताना तिवरांकडे पाठ फिरवू नका. पान न तोडता वाकून निरखा, त्यावर मिठाचे बारीक कण चमकतात. झाड जादा मीठ पानांतून बाहेर टाकतं. खाली चिखलात पेन्सिलींसारखी वर आलेली श्वासमुळं आणि त्यांच्यामधून परांवर सरकणारे निवटे मासे. मुलं तर इथून हलतच नाहीत.

2015 मध्ये सुमारे 1,690 हेक्टरचं हे ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, त्यातलं निम्म्याहून जास्त कांदळवन, म्हणजे तिवरांसारख्या खारफुटीचं जंगल. 2022 मध्ये ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं.

एक कळकळीची विनंती. फोटोसाठी नाखवादादांना "अजून जवळ घ्या" म्हणू नका. थवा उडताना सुंदर दिसतो खरा, पण चिखल उघडा असतो मोजकेच तास, आणि त्यातच त्यांना पोट भरायचं असतं.