जाहिरातीतले ८५० चौरस फूट घरात किती उरतात? क्षेत्रफळ स्वतः तपासण्याची पद्धत

‘२ बीएचके, ८५० चौ. फूट, ८५ लाख.’ पुणे-मुंबईतल्या फ्लॅटच्या जाहिराती साधारण अशाच असतात. आकडा खरा असला तरी तो कशाचा आहे, हे जाहिरात सांगत नाही. त्यात जिन्याचा, लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेचा आणि क्लब हाऊसचा वाटा मिसळलेला असू शकतो. म्हणून दोन घरांची तुलना करण्याआधी दोन्ही आकडे एकाच मापावर आणावे लागतात. ते माप म्हणजे रेरा कार्पेट, म्हणजे रेरा या स्थावर मालमत्तेच्या केंद्रीय कायद्याने ठरवलेले घराच्या आतले क्षेत्रफळ. बाकीचे सगळे आकडे तिथपर्यंत पोहोचण्यापुरतेच कामाचे.

पायरी १ : आकडा कोणत्या क्षेत्रफळाचा आहे ते विचारा

एजंटला ‘एरिया किती?’ असे विचारले की सर्वांत मोठा आकडा ऐकायला मिळतो. त्याऐवजी ‘रेरा कार्पेट किती चौरस मीटर, आणि बाल्कनी वेगळी किती?’ असे विचारा. उत्तर देताना तो ‘कार्पेट’, ‘यूजेबल’, ‘बिल्टअप’, ‘सेलेबल’ यांपैकी कोणता शब्द वापरतो, तो लिहून घ्या.

रेरा कार्पेटची व्याख्या २०१६ च्या केंद्रीय कायद्यात आहे, त्यामुळे ती महाराष्ट्रात आणि गोव्यात सारखीच लागू होते. घराच्या आतली वापरण्याजोगी जागा आणि आतल्या भिंतींखालची जागा त्यात धरतात. बाहेरच्या भिंती, पाइपांचे डक्ट, स्वतःची बाल्कनी किंवा व्हरांडा आणि स्वतःची उघडी टेरेस धरत नाहीत. आजकाल घराच्या आत आरसीसी भिंती आणि खांब येतात, त्यांचे काय करायचे हा प्रश्न होता. महारेराने, म्हणजे हा कायदा राबवणाऱ्या महाराष्ट्रातल्या प्राधिकरणाने, २०१७ मध्ये परिपत्रक काढून तो मिटवला. घराच्या बाहेरच्या अंगाला असलेली भिंत ती बाहेरची, आणि घराच्या आत असलेली कोणतीही भिंत किंवा सुटा खांब हा आतल्या भिंतीतच मोजायचा.

जुन्या करारांतले कार्पेट वेगळे असते. मोफा, म्हणजे १९६३ च्या महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायद्यात, कार्पेटवरच विक्री करण्याचे बंधन २००८ च्या दुरुस्तीने आले. त्या हिशोबात भिंती वगळतात, पण बाल्कनी धरतात. म्हणजे २०१४ च्या करारातले ‘कार्पेट’ आणि २०२० च्या करारातले ‘कार्पेट’ एकाच घराला लावले तरी आकडे वेगळे येतील. रिसेलच्या घरांत सर्वाधिक गोंधळ इथेच होतो आणि त्यात कोणी फसवत असतोच असे नाही.

बिल्टअप म्हणजे बांधीव क्षेत्र. त्यात कार्पेट, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी येतात. सुपर बिल्टअप किंवा सेलेबल म्हणजे त्यावर सामाईक जागांचा वाटा चढवलेला आकडा, आणि हा वाटा किती चढवायचा याला कायद्यात मापच नाही. ‘यूजेबल एरिया’ हा शब्दही कायद्यातला नव्हे. बहुतेक वेळा तो कार्पेट, बाल्कनी आणि ड्राय बाल्कनी (स्वयंपाकघरालगतची धुण्या-भांड्यांची जागा) यांची बेरीज असतो.

पायरी २ : टेप काढण्याआधी कागद पाहा

नवा प्रकल्प असेल तर जाहिरातीत महारेरा नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे. ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही सक्तीचा आहे. क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर टाकला की प्रकल्पाच्या पानावर मंजूर नकाशे आणि प्रत्येक प्रकारच्या सदनिकेचे कार्पेट चौरस मीटरमध्ये दिसते. ब्रोशरमधला आकडा त्याच्याशी जुळत नसेल तर संकेतस्थळावरचा धरा.

रिसेलमध्ये विकणाऱ्याकडून नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा सारांश), मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा दाखला) आणि मालमत्ता कराचे बिल मागा. या कागदांवरचे आकडे एकमेकांशी जुळतीलच असे नाही. करारात कार्पेट, इंडेक्स टूवर बिल्टअप आणि कराच्या बिलावर महापालिकेच्या पद्धतीने काढलेले तिसरेच काही असू शकते. प्रत्येक आकड्यासमोर त्याचा प्रकार आणि एकक लिहा. प्रकार लिहिलेलाच नसेल, नुसते ‘क्षेत्रफळ ६५.२०’ असेल, तर त्या आकड्यावर हिशोब उभारू नका.

चौरस मीटरचे चौरस फूट करायला १०.७६४ ने गुणा. घाईत १० ने गुणण्याची सवय अनेकांना असते. ५५ चौरस मीटरवर त्यात ४२ चौरस फूट हरवतात, म्हणजे एक बाथरूम आणि वर थोडी जागा.

पायरी ३ : घर मोजा

मोजायला लेसर मीटर उत्तम, नाहीतर पाच मीटरची स्टील टेप आणि सोबत एक माणूस. लेसरमध्ये मोजणी उपकरणाच्या मागच्या कडेपासून होतेय की पुढच्या, ही सेटिंग आधी तपासा. ती उलटी असेल तर प्रत्येक मापात उपकरणाच्या लांबीएवढा, म्हणजे सुमारे चार इंचांचा फरक पडतो. आरसा, काच किंवा थेट ऊन पडलेली भिंत यांवर लेसर चुकीचे माप दाखवू शकते. तिथे भिंतीला पुठ्ठा धरून मोजा आणि त्याची जाडी मिळवा.

टेप हवेत धरली की मध्ये झोळ येतो आणि माप जास्त भरते. म्हणून ती जमिनीवर टेकवा. पण जमिनीलगत स्कर्टिंगची टाइल भिंतीपासून पुढे आलेली असते, तेव्हा स्कर्टिंग ते स्कर्टिंग मोजून दोन्ही बाजूंच्या टाइलची जाडी त्यात मिळवा. प्रत्येक खोलीची लांबी दोन टोकांना मोजा. दोन मापांत एक इंचाहून जास्त फरक आला तर खोली काटकोनात नाही. मग सरासरी घ्या. एल आकाराच्या हॉलचे दोन आयत पाडा. कपाट हलवता येत नसेल तर त्याच्या वरच्या बाजूने भिंत ते भिंत मोजा, कारण कपाटाखालची जागाही कार्पेटमध्येच येते.

इंचांचे दशांश करताना सगळ्यात जास्त चुका होतात. १० फूट ६ इंच म्हणजे १०.५, १०.६ नव्हे. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर १०.६ टाकले की १७ फूट लांबीच्या हॉलमध्ये पावणेदोन चौरस फूट आपोआप वाढतात. इंचांना १२ ने भागा आणि मगच बेरीज करा.

आतल्या भिंती वेगळ्या मोजा. दाराच्या चौकटीपाशी जाडी कळते. चार इंची ब्लॉकला दोन्ही बाजूंनी अर्धा इंच गिलावा धरला की पाच इंच होतात. प्रत्येक भिंत एकदाच धरा आणि दाराखालची पट्टी तिच्यातून वजा करू नका. शेजारच्या फ्लॅटला लागून असलेली, लॉबीकडची, डक्टची आणि बाल्कनीकडची भिंत बाहेरची समजून सोडून द्या.

पायरी ४ : बेरीज

जाहिरातीतल्या त्या ८५० चौरस फुटांच्या घराचे एक नमुना मोजमाप घेऊ.

हॉल १७ × १०.५ = १७८.५०
स्वयंपाकघर ८.५ × ८ = ६८
मोठी बेडरूम १२ × १० = १२०
दुसरी बेडरूम ११ × १० = ११०
टॉयलेट ७.५ × ४.५ = ३३.७५
दुसरे टॉयलेट ७ × ४ = २८
पॅसेज ९ × ३.५ = ३१.५०

खोल्या मिळून ५६९.७५ चौरस फूट. आतल्या भिंतींची एकूण लांबी ६२ फूट, जाडी पाच इंच, म्हणजे आणखी सुमारे २५.८. रेरा कार्पेट झाले ५९५.६ चौरस फूट, म्हणजेच ५५.३३ चौरस मीटर. बाल्कनी १० × ४ आणि ड्राय बाल्कनी ६ × ३ मिळून ५८ चौरस फूट. ही बेरीज मुद्दाम वेगळी ठेवा.

याच घराचा करार मोफाच्या हिशोबाने झाला असता आणि त्यात दोन्ही बाल्कनी धरल्या असत्या, तर ‘कार्पेट’ सुमारे ६२८ निघाले असते. एक विटही न हलवता ३२ चौरस फुटांचा फरक.

पायरी ५ : लोडिंग आणि खरा दर

आता ८५० कुठून आले ते पाहा. कार्पेटवर चढवलेल्या सामाईक जागांच्या वाट्याला लोडिंग म्हणतात. विकणारा म्हणेल, ‘लोडिंग फक्त तीस टक्के.’ तो खोटे बोलत नसेल, पण कशाच्या तीस टक्के ते विचारा. कार्पेट आणि बाल्कनी मिळून ६५३.६ वर तीस टक्के चढवले की ८५० येतात. ८५० मध्ये सामाईक जागा आणि बाल्कनी यांचा वाटा किती, असे पाहिले तरी उत्तर तीस टक्केच. मात्र नुसत्या रेरा कार्पेटवर मोजले तर लोडिंग ४३ टक्के होते. टक्केवारीवर वाद घालत बसण्यापेक्षा एकूण किमतीला रेरा कार्पेटने भागणे सोपे.

८५ लाख भागिले ८५० म्हणजे चौरस फुटाला १०,००० रुपये, असे जाहिरातीचे गणित. ८५ लाख भागिले ५९५.६ केले की दर निघतो सुमारे १४,२७२. समजा त्याच परिसरात दुसऱ्या प्रकल्पात रेरा कार्पेट ६४० आणि किंमत ८८ लाख आहे. तिथे दर १३,७५०. जाहिरातीत महाग वाटणारे घर प्रत्यक्षात स्वस्त निघाले.

बाल्कनीला काहीच किंमत नाही असेही नाही. बहुतेक घरांसाठी ती अर्ध्या भावाने धरणे रास्त वाटते, हा काही नियम नव्हे. पहिल्या घरात ५८ चे निम्मे २९ मिळवून दर १३,६०९ होतो. दुसऱ्याची बाल्कनी ४० असेल तर २० मिळवून १३,३३३. अंतर कमी झाले, क्रम तोच राहिला. तळमजल्याच्या किंवा वरच्या फ्लॅटला ३०० चौरस फुटांची उघडी टेरेस लागून असेल तर तिला याहून कमी भाव द्या. पावसाळ्यात तिच्या वॉटरप्रूफिंगचा खर्च कोण करणार, हेही आधीच विचारून घ्या.

किमतीत पार्किंग, क्लबचे सदस्यत्व, फ्लोअर राइज (वरच्या मजल्यासाठीचा जादा आकार) वगैरे मिळवलेले असेल तर ते आधी वेगळे काढा. नाहीतर भागाकार दोन वेगळ्या गोष्टींचा होतो.

बांधकाम चालू असेल तर

जे घर उभेच नाही ते मोजता येत नाही. तिथे करारनामा हेच मोजमाप. महाराष्ट्राच्या नमुना करारानुसार बांधकाम पूर्ण होऊन भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर बिल्डरने अंतिम कार्पेट कळवायचे असते आणि फरकाची मर्यादा तीन टक्के आहे. ‘तीन टक्क्यांपर्यंत कमी झाले तर काही मिळत नाही’ हा समज सर्वदूर पसरला आहे, पण नमुना करारात तसे नाही. जागा कमी भरली तर जास्तीचे पैसे ४५ दिवसांत व्याजासह परत करायचे, वाढली तर पुढच्या हप्त्यात मागायचे, आणि दोन्ही हिशोब करारात ठरलेल्या चौरस मीटरच्या दरानेच. तीन टक्क्यांपर्यंत हिशोबच नाही, असे कलम तुमच्या मसुद्यात दिसले तर सही करण्याआधी ते काढायला लावा.

‘बेअर शेल’ (गिलावा-फरशीआधीचे नुसते बांधकाम) किंवा ‘गिलाव्याआधीचे मोजमाप’ असे शब्द आहेत का, तेही पाहा. १० × १२ फुटांच्या खोलीत चारही भिंतींना अर्धा इंच गिलावा झाला की १२० चे ११८.२ चौरस फूट उरतात. दीड टक्का तिथेच गेला, आणि ताबा घेताना तुमची टेप व बिल्डरची टेप जुळत नाही त्याचे कारणही अनेकदा हेच असते. क्षेत्रफळ गिलाव्यानंतरचे आहे की आधीचे, हे करारात एका ओळीत लिहून घ्या. घराच्या किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम नोंदणीकृत कराराशिवाय बिल्डरला घेता येत नाही, तेव्हा मसुदा वाचायला सवड मिळतेच.

रिसेलमध्ये खास पाहायचे

खोलीत घेतलेली बाल्कनी ही इथली मोठी अडचण. काचा लावून, मधली भिंत पाडून हॉल वाढवलेला असतो आणि टेपला तो सगळा हॉलच दिसतो. मंजूर नकाशात बाल्कनीची रेघ कुठे आहे ते शोधून त्या रेघेपर्यंतच कार्पेट मोजा. पुढची जागा नियमित करून घेतल्याचा कागद असेल तर तो मागा. नसेल तर त्या जागेचे पूर्ण दराने पैसे देण्याचे कारण नाही. बँकेचा मूल्यांकन करणारा माणूसही मंजूर नकाशाच पाहतो, आणि त्याचा आकडा कमी आला की कर्जाची रक्कम खाली येते.

मुंबईत जानेवारी २०१२ पूर्वी मंजूर झालेल्या इमारतींत फ्लॉवर बेड आणि कोनाडे यांची भर बरीच दिसते. तेव्हा ही जागा एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटच्या प्रमाणात परवानगी असलेल्या बांधकामात, मोजली जात नसे. २०१२ च्या बदलाने ती मोजणीत आली आणि त्याबदल्यात निवासी इमारतींना ३५ टक्के फंजिबल एफएसआय, म्हणजे तेवढ्या जादा बांधकामाची मुभा, दिला गेला. अशा घरात खिडकीखालचा फ्लॉवर बेड भरून खोलीची लांबी दोन फुटांनी वाढवलेली असेल, तर ती लांबी वेगळी लिहा आणि नकाशाशी ताडून पाहा.

मुद्रांक शुल्काचे गणित करताना तुमचा कार्पेटचा आकडा जसाच्या तसा वापरू नका. फ्लॅटचे सरकारी मूल्यांकन बांधीव क्षेत्रावर होते आणि कार्पेटला ठरलेल्या गुणकाने गुणून ते काढतात. म्हणून नोंदणीच्या कागदावर दिसणारा मोठा आकडा पाहून घर मोठे झाले असे समजू नका. रो हाऊस किंवा बंगला असेल तर प्लॉटचे क्षेत्र, प्रत्येक मजल्याचे बांधकाम आणि उघडी गच्ची हे तीन आकडे स्वतंत्र मागा. दुमजली उंचीचा हॉल एकदाच मोजायचा, वरच्या मजल्यावर त्याची पोकळी पुन्हा धरलेली असेल तर ती वजा करायची.