पुण्यात फ्लॅट घेताय? ईएमआय नंतर, आधी हातातली रोख मोजा

लातूर-नांदेडकडून नोकरीला आलेली पोरं दोन-तीन वर्षांत वाघोली, मोशी, पिसोळी, रावेत असं फ्लॅट बघत फिरायला लागतात आणि सगळ्यांचं विचारणं एकच, ईएमआय किती बसेल. ईएमआयचं नंतर बघा, खिशातून रोख किती जाणार ते आधी काढा. आपल्याकडची कितीतरी घरं मी इथं याच गोष्टीवर अडकलेली बघितलीत.

समजा ६० लाखांचं अ‍ॅग्रीमेंट आहे, बिल्डिंगचं काम चालू आहे. बँक जास्तीत जास्त ८० टक्के देणार, म्हणजे १२ लाख तुमचे. त्यावर स्टॅम्प ड्युटी मेट्रोचा १ टक्का धरून ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार, रजिस्ट्रेशन ३० हजार, जीएसटी ५ टक्के म्हणजे ३ लाख. झाले साडेएकोणीस लाख, आणि यात पझेशनच्या वेळी बिल्डर घेतो तो मेंटेनन्सचा अ‍ॅडव्हान्स नाही, फर्निचर नाही, तोवर भरायचं भाडं नाही. स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन बँक घराच्या किमतीत धरतच नाही हे लोकांना टोकन, म्हणजे बुकिंगचे आगाऊ पैसे, दिल्यावर कळतं. आमच्याच तालुक्यातल्या एकानं मग ऐनवेळी पर्सनल लोन काढलं, आता होमलोनचा हप्ता, पर्सनल लोनचा हप्ता आणि भाडं असं तीन ठिकाणी पगार जातोय. स्टॅम्प ड्युटीसाठी पर्सनल लोन काढू नका. पैसे जमले नसतील तर वर्षभर थांबा, टोकन देऊ नका. एजंट आपल्या गावचा आहे, "बाकीचं बघू नंतर" म्हणतो, म्हणून तर मुळीच देऊ नका, त्याला कमिशन मिळून तो मोकळा होतो.

कम्प्लिशन सर्टिफिकेट, म्हणजे बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला, आलेल्या बिल्डिंगमध्ये जीएसटी लागत नाही, माझं मत विचाराल तर तेच बघा.

फक्त बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटी १ टक्का कमी, इथं ६० हजार वाचतात. पण नवरा मालक नसेल तर त्यानं भरलेल्या व्याजाची टॅक्समधली सूट त्याला मिळत नाही. नवीन टॅक्स रिजीममध्ये राहत्या घरावर ती सूट तशीही नाही, त्यामुळे दोघांचं बसून ठरवा. ५० लाख किंवा वरच्या व्यवहारात १ टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या पैशातून आधीच कापायचा टॅक्स, तुम्हीच कापून सरकारकडे भरायचा असतो.

लोनचं एवढंच सांगतो, ४८ लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं धरलं तर हप्ता साधारण ४१ हजार ६५० आणि पहिल्या हप्त्यातले ३४ हजार नुसतं व्याज. म्हणून बोनस आला की गावाकडच्या लग्नात उडवण्याआधी थोडा मुद्दलात भरा, फ्लोटिंग म्हणजे बदलत्या रेटच्या लोनला त्याचा दंड नसतो. आणि रेट वाढला की बँकेला सांगून हप्ता वाढवून घ्या, मुदत वाढू देऊ नका.

आता मिळकत कर. पुणे महापालिकेत स्वतः राहत असाल तर ४० टक्के सवलत आहे, पण नवीन घराला ती आपोआप लागत नाही, पीटी-३ अर्ज द्यावा लागतो, सोबत सोसायटीचं पत्र आणि राहत असल्याचा पुरावा. आपली माणसं आलेलं बिल मुकाट भरतात. जुना पुणेकर सवलतीची मुदत संपायच्या आत भरून सर्वसाधारण करातली सूटही घेतो, त्याच्याकडनं हे शिकण्यासारखं आहे. थकलं तर महिन्याला २ टक्के दंड. मोशी-रावेत पिंपरी-चिंचवडमध्ये येतं, तिथली महापालिका वेगळी.

मेंटेनन्स विचारताना एप्रिल-मे मधला टँकरचा खर्च वेगळा विचारा, बिल्डरच्या ऑफिसात नाही, तिथं राहणाऱ्यांना. आणि राहायला गेल्यावर सोसायटीच्या वार्षिक सभेला जा, सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या दुरुस्तीसाठीची शिल्लक, किती जमलाय, कुठं ठेवलाय, कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं, झालं का, हे तिथंच विचारता येतं.