झडीच्या दिवसांत हातविणीचा स्वेटर धुताना

बेळगाव-खानापूरकडे झड लागली की लोकरीचा स्वेटर तीन-तीन दिवस वाळत नाही, कुबट वास धरतो. शेवटचा टाका बंद झाला तरी धुवायला उघडीप बघा.

आधी धागा ओळखा. उरलेला दोन इंचाचा तुकडा मोरीत चिमट्याने धरून पेटवा. केस जळल्यासारखा वास आणि चुरडणारी राख म्हणजे खरी लोकर. वितळून कडक मणी झाला तर अ‍ॅक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धागा.

लोकर असेल तर कोमट पाण्यात चमचाभर सौम्य शाम्पू घालून 20 मिनिटं नुसती बुडवा. गरम पाणी आणि चोळणं एकत्र आलं की तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटतो, तो पुन्हा मोठा होत नाही. खळबळायचं पाणीही तितकंच कोमट हवं. पिळू नका, टॉवेलात गुंडाळून वळकटी गुडघ्याने दाबा. दोरीवर टाकलात तर ओल्या वजनाने बाह्या लोंबून हातभर वाढतील! चटईवर पंचा अंथरून आडवा पसरा, छाती टेपने मोजून मापाला आणा, न गंजणाऱ्या टाचण्या लावा, पंखा चालू करा. काठाची एक सुलट-एक उलट पट्टी मात्र ताणू नका, पकड जाते.

अ‍ॅक्रिलिकला एवढे लाड नकोत. फक्त इस्त्री टेकवू नका. वीण लुळी पडते ती कायमची.