सीएएसची (प्राध्यापकांच्या पदोन्नती योजनेची) फाइल ‘पुरावे अपूर्ण’ म्हणून परत येत असेल तर

सहायक प्राध्यापकाच्या वेतनश्रेणीत लेव्हल १० वरून ११ साठीचा माझा प्रस्ताव छाननीतून पुन्हा पुन्हा परत येई. शेरा एकच: पुरावे अपूर्ण. जादा प्रती जोडल्या, कव्हरिंग लेटर बदललं, उपयोग शून्य. फार मनस्ताप झाला.

सुटलं ते असं. यूजीसीच्या २०१८ च्या विनियमांतला तक्ता १ समोर ठेवून प्रत्येक शैक्षणिक वर्षाचा वेगळा संच केला. आधी अध्यापन: घेतलेले तास भागिले नेमून दिलेले तास. ८० टक्के किंवा जास्त म्हणजे ‘चांगले’, ७० ते ८० ‘समाधानकारक’. हा आकडा वेळापत्रकाशी आणि हजेरीपटाशी जुळलाच पाहिजे. माझ्या मते छाननीत सगळ्यात आधी इथेच बोट ठेवलं जातं. मग परीक्षा, समित्या, एनएसएस यांच्या कामाचे आदेश, त्या त्या वर्षाच्या संचात. ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर या प्रशिक्षण वर्गांची प्रमाणपत्रं शेवटी. सगळ्या पानांना सलग क्रमांक देऊन अर्जातल्या प्रत्येक नोंदीसमोर तिच्या पुराव्याचा पान क्रमांक लिहिला. त्यानंतर आयक्यूएसीची (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाची) पडताळणी, आणि मगच प्राचार्यांची सही.

पीएचडीधारकाला मागच्या ४ पैकी किमान ३ वर्षं ‘समाधानकारक’ किंवा ‘चांगले’ लागतं, तेव्हा ते संच आधी पुरे करा. माझा प्रस्ताव यानंतर थेट समितीपुढे गेला.