इंग्लंडमधल्या छोट्या पॅरिशमध्ये पूर्वज शोधताय? या चुका टाळा

पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला परिसर; तिथले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं चर्चच्या वहीत नोंदली जात. त्यात शोधताना सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे नाव जुळलं की माणूस सापडला असं धरून चालणं. लहानशा खेड्यातही एकाच आडनावाचे तीन जॉन एकाच वेळी नांदत असत, कारण आजोबा-काकांची नावं पुन्हा पुन्हा ठेवली जात. मूल दगावलं तर पुढच्या मुलालाही तेच नाव मिळे. म्हणून बाप्तिस्म्याची नोंद हाती लागली की त्या नावाचं दफन पुढच्या दहा वर्षांत झालंय का, हे आधी पाहा. १८१३ पासूनच्या वह्यांच्या छापील नमुन्यात दफनाशेजारी वय आणि बाप्तिस्म्याशेजारी वडिलांचा धंदा असतो, त्यामुळे माणसं वेगळी काढता येतात. त्याआधी वय क्वचितच मिळतं. तिथे मृत्युपत्रं आणि भावंडांच्या नोंदी यांचाच आधार. आणि बाप्तिस्म्याची तारीख ही जन्मतारीख नव्हे. काहींचा बाप्तिस्मा मोठेपणीही झालेला असतो.

तारखांचा घोळही मोठा. १७५१ पर्यंत इंग्लंडात वर्ष २५ मार्चला सुरू होई. लग्न जून १७२० मध्ये आणि मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७२० मध्ये दिसला, तर मूल लग्नाआधीचं समजू नका. तो आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १७२१ आहे. टिपणात १७२०/२१ असंच लिहा. १८४१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणायची सूचना होती, म्हणजे तिथला ३५ वर्षांचा माणूस प्रत्यक्षात ३९ चाही असू शकतो.

नोंद मिळत नाही म्हणून घराणं तिथलं नव्हतं, असंही ठरवू नका. १६४२ ते १६६० या यादवीच्या आणि त्यानंतरच्या राजाविना राजवटीच्या काळात वह्यांना खिंडारं पडली आहेत. मूळ वही हरवली असेल तर बिशपकडे दरवर्षी पाठवायच्या नकला काउंटीच्या (जिल्ह्याच्या) अभिलेखागारात शोधा. मूळ वही असली तरी ताडून पाहा, दोन्हींत फरक निघतात. लग्न बरेचदा वधूच्या पॅरिशमध्ये होई, तेव्हा आसपासची गावंही चाळा. १७५४ ते १८३७ या काळात क्वेकर (एक वेगळा ख्रिस्ती पंथ) आणि ज्यू सोडून सगळ्यांना लग्न अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चमध्येच लावावं लागे. त्यामुळे लग्न चर्चमध्ये आणि मुलांचे बाप्तिस्मे मात्र वेगळ्या पंथाच्या चॅपलमध्ये, अशी घरं भेटतात.

गरीब कुटुंबांचा माग तर पॅरिशच्या पेटीतल्या, म्हणजे चर्चमध्ये जपलेल्या कारभाराच्या कागदांत उत्तम लागतो. १६६२ च्या कायद्यानंतर परगावच्या गरजूला त्याच्या हक्काच्या पॅरिशमध्ये परत धाडता येई. त्या हुकमांत आणि जबान्यांत माणूस कुठून आला, कुणाकडे चाकरीला होता, हे सापडतं.

नोंदींच्या सूचीवर थांबू नका, मूळ पानाची प्रतिमा उघडा. आडनाव पाद्री कानाला ऐकू येईल तसं लिही, आरंभीचा ‘ह’ गाळलेलाही सापडतो. जुन्या लॅटिन नोंदीतला गुलिएल्मस म्हणजे विल्यम.

आणि तरुण मुलगा गावातून अचानक नाहीसा झाला, तर ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेचा विचार करा. मुंबई इलाख्यातल्या चर्चनोंदी ब्रिटिश लायब्ररीत ‘एन/३’ या मालिकेत आहेत.